वाटेत गेलेलं सव्वा किलो

लिलावात बोली संपली की खरी घासाघीस सुरू होते. रविवारी दुपारी मी फोनवरच्या आमच्या ग्रुपमध्ये जुन्या चिनीमातीच्या बरणीचा फोटो टाकते, सुरुवातीची किंमत लिहिते आणि खाली दर वेळी तीच ओळ टाकते: कुरिअर वेगळं, काट्यावर येईल ते. चहाच्या वेळेपर्यंत लोक एकमेकांवर चढत जातात. तेवढ्या वेळात कोणालाच पैशाचं काही वाटत नाही. सांगलीचा माणूस नागपूरच्या माणसाला हरवायला बसलेला असतो, बरणी बाजूलाच राहते. मग बोली बंद होते, मी जिंकणाऱ्याचं अभिनंदन करते, पार्सल बांधून कुरिअरचा आकडा कळवते, आणि इतका वेळ दिलदार असलेला माणूस एकदम गप्प होतो. बरणीचे पैसे त्याने हसत दिलेले असतात. ती त्याच्या दारापर्यंत न्यायचे पैसे सांगितले की त्याला मी चोर दिसायला लागते.

तऱ्हा तरी किती पाहिल्या. एकाने विचारलं, तुमच्या बाजूचं कोणी कोल्हापूरला येणार असेल तर त्याच्या हाती नाही का पाठवता येणार? एका बाईंनी जिंकल्यावर सांगितलं की त्या कुरिअरचे पैसे कोणालाच देत नाहीत, त्यांचं तत्त्व आहे. आणि एक महाशय म्हणाले, "ताई, बरणी रिकामीच आहे ना? मग वजन कसलं आलंय?"

मी म्हटलं, "रिकामीच आहे दादा. भरलेली हवी तर लोणच्याची बोली वेगळी लावा."

लोकांना उगाच संशय येत नाही, हेही मला माहीत आहे. आमच्याच ग्रुपमध्ये एक विक्रेता आहे. वस्तू स्वस्तात जाऊ देतो आणि मग कुरिअरच्या आकड्यात पॅकिंग, हाताळणी, विमा असलं काय काय घालून सगळं वसूल करतो. सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'स्नेह असू द्यावा' असं लिहितो, त्यामुळे त्याला कोणी विचारत नाही. मी बदलापूरची बाई, सरळ बोलते, घासाघीस केली तर उलट घासाघीस करते. माझ्याकडे बघणाऱ्याचे डोळे आधीच बारीक झालेले असतात.

म्हणून मी पहिल्यापासून एक शिस्त ठेवली होती. पार्सल कुरिअरच्या काट्यावर ठेवलं की आकडे दिसतील असा फोटो काढायचा, पावतीचा फोटो काढायचा, दोन्ही गिऱ्हाइकाला पाठवायचे आणि वर एक रुपया घ्यायचा नाही. ही अक्कल मला उल्हासनगरने दिली. लग्नानंतर काही वर्षं मी तिथल्या जीन्सच्या कारखान्यांत धागे कापायला जात होते. नगावर पैसे. संध्याकाळी मुकादम नग मोजायचा आणि माझे नेमके काही नग कमी भरायचे. एके दिवशी मी कात्री खाली ठेवली आणि मोजणी होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिले. त्या दिवशी नग बरोबर भरले. तेव्हापासून दुसरा कोणी मोजत असेल तर मी बसून राहत नाही.

बरण्यांचा धंदाही तिथूनच निघाला. निर्वासितांच्या कॅम्पातल्या जुन्या बराकी पाडून इमारती व्हायला लागल्या, सिंधी कुटुंबं अंबरनाथ पूर्वेच्या फ्लॅटमध्ये राहायला जायला लागली. फ्लॅटला माळा नसतो. बैठ्या घरांतल्या मोठमोठ्या दुरंगी बरण्या, वर तपकिरी आणि खाली पांढऱ्या, दारात काढून ठेवलेल्या असायच्या. तोंडाला जुना दादरा बांधलेला, आत अजून मोहरीच्या तेलाचा वास. मी त्या घेत गेले. भंगारवाल्याच्या भावाने मागायचे, बाई तिच्या सासूची आठवण सांगायला लागली की थोडे वाढवायचे, त्यापुढे नाही. आज बेलवलीतल्या आमच्या घरात पलंगाखाली, गॅलरीत, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना बरण्या आहेत. नवरा अंबरनाथला कारखान्यात जातो. शांत माणूस आहे. म्हणतो, मी या घरात भाड्याने राहतो, मालकी बरण्यांची आहे.

त्या बरण्या विकायचं माझं एकच दुकान, रविवारची दुपार. ग्रुप सांभाळणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. कोणाला कोणता वार द्यायचा ते ठरवतात. सगळ्यात जास्त लोक रविवारी असतात. तो वार मिळवायला मी खूप दिवस काढले होते, आधी भलत्या वारी, भलत्या वेळेला विकत राहिले होते. आणि ग्रुपचा नियम असा की विक्रेत्यावर तक्रार आली तर ती मिटेपर्यंत त्याचा लिलाव बंद.

माझ्यावर तक्रार आली ती दिवाळीच्या तोंडावर.

सोलापूरकडच्या एका गिऱ्हाइकाने माझ्याकडून तीन मोठ्या बरण्या घेतल्या होत्या. तिकडच्या तालुक्याच्या गावात त्याचं किराणा दुकान. जुन्या बरण्यांची हौस. कुरिअरचा आकडा सांगितल्यावर त्याने फार कटकट केली नव्हती, आणि तेच मला खटकलं होतं. जो भांडत नाही तो नंतरसाठी काहीतरी राखून ठेवतो. पार्सल पोचलं त्या दिवशी त्याने मला काही न कळवता थेट ग्रुपवर दोन फोटो टाकले. एक माझा, उल्हासनगरच्या कुरिअरच्या काट्यावरचा. दुसरा त्याच्या दुकानातल्या काट्यावरचा. तोच खोका, तीच गोणपाटाची शिलाई, आणि वजन सव्वा किलो कमी. खाली लिहिलं होतं: ताईंनी वजनात मारलं.

शंभरावर माणसांसमोर. तीन शब्द.

काकांनी लगेच त्यांच्या शुद्ध मराठीत लिहिलं की विषयाचा निकाल लागेपर्यंत ताईंचा रविवार स्थगित राहील. आणि त्याच संध्याकाळी त्या स्नेहवाल्याने विचारलं की रविवार मोकळा असेल तर तो सेवा द्यायला तयार आहे. सेवा म्हणे. एकदा त्याचा पाय आत पडला असता तर दिवाळीनंतरही तो वार मला परत मिळाला नसता. नवरा म्हणाला, किती फरक असेल, देऊन टाक. मी त्याला विचारलं, तुझ्या कारखान्यात गेटवर झडती घेताना तू न उचललेला पाना तुझ्या नावावर लिहिला तर देऊन टाकशील? तो जेवायला बसला.

मी चोरी केली नव्हती, म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने केली होती. माझ्या डोक्यात पहिला आला तो कुरिअरवाला सेठ.

त्याचं दुकान उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये. बदलापुरात कुरिअर नाही असं नाही, पण या सेठकडून मी दर पाडून घेतला होता. त्याच्या काउंटरवर दोन वेळा भांडून, एकदा पार्सल उचलून चालायला लागून. शेवटी त्याने असा दर दिला की तो ऐकून मला आनंदाऐवजी शंका आली. इतक्या कमीत याला परवडतं कसं? आता उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. दर कमी, काटा जड. मी घरातून मिठाच्या सीलबंद पिशव्या घेतल्या, प्रत्येकीवर वजन छापलेलं, आणि सकाळी दुकान उघडताच जाऊन एकेक त्याच्या काट्यावर रचल्या.

सेठ चहा घेत होता. "नमक कहाँ भेजने का है, दीदी?"

"कुठे नाही. वजन बघायचंय."

त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याने कप खाली ठेवला. काट्यावरचा आकडा पिशव्यांवरच्या आकड्यांच्या बेरजेशी जुळत होता, पिशवीच्या प्लास्टिकचं काय ते दोन-चार ग्रॅम वर. मी वाकून काट्याच्या खालून बघितलं. त्याने काटा उचलून उलटा केला, मला दाखवला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "इतने साल में गाली देने बहुत लोग आए, दीदी. नमक लेके कोई नहीं आया."

मी मीठ पिशवीत भरलं आणि निघाले. रिक्षात बसल्यावर मनात आलं, तक्रारीची बातमी याला आधीच कळली असेल आणि याने काटा नीट करून ठेवला असेल तर? पण त्याला कळवणार कोण, हे मला सांगता आलं नसतं.

मग उरला तो दुकानदार. मी त्याला फोन लावला. सोलापूरकडचा सूर, पण आवाजात घाबरणं नाही. मी म्हटलं, खोक्यातून काय काय काढून वजन केलंत ते आधी सांगा. तो म्हणाला, खोका त्याने अजून उघडलाच नाही. तसाच दुकानात ठेवलाय, शिलाईसकट. उघडला तर तुम्ही म्हणाल मी काढलं, म्हणून.

हे ऐकून माझा संशय वाढला, आणि खरं सांगायचं तर थोडा आदरही वाटला. मीही तेच केलं असतं. पण महागाच्या बरण्या आल्या आणि माणूस त्या बघायलाही उघडत नाही? मी म्हटलं, "मग बरण्या तीन आहेत की दोन, तुम्हाला काय माहीत? वाटेत कोणी एक काढून घेतली असेल."

"एक बरणी सव्वा किलोची असतीय काय ताई? तुमच्या एका बरणीचं वजन फोटोखाली तुम्हीच लिहिलाव."

माझ्याच आकड्याने मला मारलं. मी म्हटलं, काकांसमोर व्हिडिओवर उघडा. तो म्हणाला, तेच म्हणणार होतो.

दोन दिवसांनी दुपारी आम्ही तिघं फोनवर आलो. काकांमागे पुस्तकांचं कपाट, दुकानदारामागे शेंगदाण्याची पोती, माझ्यामागे बरण्या. त्याने आधी सगळ्यांना खोक्याच्या सहा बाजू फिरवून दाखवल्या. शिलाई माझीच होती, मी टोकाला दुहेरी गाठ मारते ती मला ओळखू आली. मग त्याने सुरीने टाके कापले, गोणपाट बाजूला केलं. आत फळांचा लाकडी खोका, फटींतून पेंढा डोकावणारा. त्याने वरची फळी काढली आणि पेंढ्यात हात घातला.

तो आवाज मी ऐकला. करकर, करकर. वाळल्या पेंढ्याचा.

इथे पेंढ्याचं सांगायला हवं. आधी मी रद्दी आणि फोम वापरत होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात फोममध्ये गुंडाळलेली एक बरणी नाशिकला तडकून पोचली, पैसे परत द्यावे लागले. तेव्हा मला वडील आठवले. आमचं माहेर सोनिवलीचं. वडील बैलगाडीत कुंभाराची मडकी घालून बाजाराला न्यायचे आणि एक मडकं फुटायचं नाही. ते पेंढा बादलीत बुडवून काढायचे, निथळला की तळहातावर वळून त्याची जाड दोरी करायचे आणि ती मडक्याभोवती खालपासून गळ्यापर्यंत गुंडाळायचे. कोरडा पेंढा वळताना तुटतो. ओला नरम पडतो, पीळ धरतो आणि मडक्याला घट्ट बसतो. सोनिवलीत आता टॉवर झाले, पण भावाने थोडी खाचरं ठेवली आहेत, पेंढा फुकट मिळतो. मी बरण्यांना तशीच दोरी गुंडाळायला लागले. त्यानंतर एकही बरणी फुटली नव्हती. काकांनी एकदा ग्रुपवर माझ्या पॅकिंगचं कौतुकही केलं होतं.

माझा पेंढा खोक्यात जाताना आवाज करत नाही. ओल्या फडक्यासारखा गप्प असतो. आणि सोलापूरच्या त्या दुकानात तो करकरत होता.

बरण्या तिन्ही निघाल्या. एकाही बरणीला चरासुद्धा गेला नव्हता. दुकानदाराने प्रत्येकीवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकवला. काका म्हणाले, "सगळं जागेवर आहे. मग वजन गेलं कुठे?"

"तेच तर विचारायलोय की हो," दुकानदार म्हणाला.

मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, वजन गेलं कुठे. दुसरी, हे मी आता बोलले तर पळवाट काढल्यासारखं दिसेल. पाणी उडून गेलं म्हणे. मुकादमाने मला असलं काही सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते. मी एवढंच म्हटलं, मला थोडे दिवस द्या.

आणि मग सोनिवलीला गेले. भाऊ खळ्याच्या कडेला बसून कोयत्याला धार लावत होता. त्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "गो बाय, पेंढा सुकणार नाय तं काय करील? गाईला घातला तरी दोन दिसांत हलका होतो."

"मग पावसाळ्यात पाठवलेल्यांची तक्रार कशी नाही आली?"

तो हसायचा थांबला. उत्तर आम्हा दोघांना एकदमच सुचलं. पावसाळ्यात पेंढा वाटेत सुकत नाही. श्रावणात इथून निघालेली दोरी ओलीच पोचायची. ऑक्टोबरची धग लागली, खोक्याला फटी, गोणपाटातून वारा, आणि रस्ता सोलापूरचा. शिवाय कोण बसतंय घरी पार्सल तोलत? तोलणारा एकच निघाला, ज्याच्या दुकानात दिवसभर काटाच चालतो.

तरी मी भावाच्या बोलण्यावर विसंबले नाही. तसाच एक खोका भरला, तेवढाच पेंढा, तसाच बुडवलेला, आणि तो सेठच्या काट्यावर नेला. सेठने मला बघून चहा मागे सरकवला. मी म्हटलं, फक्त तोला. त्याने तोललं, मी फोटो काढला. खोका भावाच्या पत्र्यावर उन्हात पडून राहिला. पार्सल वाटेत असतं साधारण तितके दिवस झाल्यावर परत सेठकडे नेला. सव्वा किलो नाही, पण किलोच्या वर कमी. आपलं ऊन सोलापूरइतकं नाही.

सेठने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "मतलब पानी आपने भेजा," तो म्हणाला, "और नमक मेरे को दिखाया."

मी त्याला सॉरी म्हणायला हवं होतं असं नवऱ्याचं म्हणणं. मी त्या दिवशी तीन पार्सलं त्याच्याचकडे दिली आणि दरावर एक शब्द बोलले नाही. सेठला ते समजलं असणार. चहा मात्र त्याने विचारला नाही.

मी दोन्ही फोटो काकांना पाठवले. त्यांचा फोन आला. वाटलं होतं म्हणतील, ताई, तुमच्यावर अन्याय झाला. ते म्हणाले, छान, उलगडा झाला, आता फरकाची रक्कम परत करा आणि विषय संपवा. किती लहान रक्कम आहे.

"लहान आहे म्हणूनच देणार नाही," मी म्हटलं. "मोठी असती तर लोक म्हणाले असते, हिशेबात चूक झाली. एवढ्याशा पैशाला लोक चोरीच म्हणतात. मी परत दिले की झालं, बाईने चोरले होते, पकडल्यावर दिले."

काका म्हणाले, मग रविवार देता येणार नाही, आणि दुसरा विक्रेता वाट पाहतो आहे. आवाज मऊ, पण सुरी लागलेली मला कळली. त्याच दिवशी त्या स्नेहवाल्याने ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा टाकल्या होत्या, पणतीचा फोटो लावून. मला ते पणतीचं चित्रही संशयास्पद वाटलं. काका आणि तो, दोघांचं आधीच ठरलेलं असेल तर?

शेवटी मी मधलं माणूस काढून टाकलं आणि दुकानदाराला सरळ फोन केला. पेंढ्याची सगळी गोष्ट सांगितली, फोटो पाठवले. तो ऐकत होता, मागे कोणीतरी पावशेर रवा मागत होतं. मग म्हणाला, "म्हणजे ताई, मी बदलापूरपासून इथवर पाण्याचं भाडं दिलो म्हणा की."

"दिलंत. आणि त्याच पाण्यामुळे तुमच्या बरण्या अख्ख्या आल्या. कोरडा पेंढा वळता येत नाही."

"ते खरं हाय. दोरी झकास वळलाव. पण माझ्याकडं नवी मिरची येते, ओली असते, आम्ही तूट धरतो. सुकल्यावर जेवढी भरंल तेवढ्याचेच पैसे. मी कधी माझ्या गिऱ्हाइकाला म्हणालो नाही, उन्हाचं बिल तू भर."

"तुम्ही मिरची विकता. मी पेंढा विकत नाही."

"भाडं तर घेतलाव की."

मला उत्तर सुचत नाही तेव्हा मी आवाज चढवते, आणि चढवलाही. म्हटलं, चोर म्हणायच्या आधी एक फोन करता आला नसता का? शंभर माणसांत लिहायची काय गरज होती? तो शांतपणे म्हणाला, "फोन केलो असतो तर तुम्ही मला गुंडाळला असता. तुमचं बोलणं मी लिलावात वाचतो की."

हे ऐकून राग जायला हवा होता का वाढायला हवा होता, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी निम्मे देते म्हटलं. तो म्हणाला, निम्मं पाणी माझं कसं? तेव्हा मला कळलं की पैशावर हा हलणार नाही, कारण पैसा त्यालाही नकोय. त्यालाही बरोबर ठरायचंय. मग मी सौदा दुसरीकडे वळवला. सगळे देते, म्हटलं, पण ग्रुपवर काय लिहायचं ते मी सांगेन.

"सांगा की मग."

मी सांगितलं: ताईंनी फसवलं नव्हतं, माझा गैरसमज झाला. तो म्हणाला, गैरसमज कसला, सव्वा किलो कमीच होतं. त्याने सुचवलं: पाण्याचे पैसे मिळाले. मी म्हटलं, हे वाचून लोक समजतील मी बरणीत पाणी भरून पाठवलं. आयुष्यात मी जीन्सच्या नगांवर, बरण्यांवर, भाड्यावर घासाघीस केली, पण वाक्यावर पहिल्यांदाच. एक शब्द त्याने काढायचा, एक मी घालायचा. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांना त्याने साखर तोलून दिली, आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबल्याचं मला फोनवर ऐकू आलं. 'चूक' हा शब्द दोघांनीही नाकारला. 'माफ करा' तर कोणी उच्चारलंच नाही.

शेवटी ठरलं ते असं: काटा बरोबर होता. पेंढा ओला होता. फरक मिळाला.

मी पैसे पाठवले. त्याने शब्दाला शब्द तसं लिहिलं. काकांनी खाली हात जोडलेलं चित्र टाकलं आणि रविवार परत माझा झाला. स्नेहवाल्याने लिहिलं, 'आनंद झाला'. त्याला किती आनंद झाला असेल ते मला माहीत आहे.

पहिल्याच रविवारी बोलीच्या मध्येच कोणीतरी विचारलं, ताई, सुकी पाठवणार का? बाकीच्यांनी हसरी तोंडं टाकली. त्या दिवशी बोल्या नेहमीपेक्षा खाली राहिल्या. नवरा म्हणतो, दिवाळीचा खर्च झाल्यावर लोकांचे हात आखडतात. असेल. पण ज्यांनी त्या तीन शब्दांखाली अंगठ्याची चित्रं टाकली होती, त्यांतल्या एकानेही या तीन वाक्यांखाली काही टाकलं नाही, आणि ती नावं माझ्या लक्षात आहेत.

आता दोरी गुंडाळलेल्या बरण्या मी आधी भावाच्या खळ्यात उन्हात ओळीने ठेवते. पेंढा करकरायला लागला की मगच खोका, मगच काटा. त्यामुळे पार्सल उशिरा निघतं आणि आता लोक उशिराबद्दल भांडतात. सेठ तर खोका काट्यावर ठेवायच्या आधी गोणपाटाच्या शिवणीतून फटीत बोट घालून पेंढा चाचपतो. इतर गिऱ्हाइकांसमोर. मी बघत राहते. एवढं त्याचं देणं लागते मी.

दिवाळीनंतर त्या दुकानदाराने पुन्हा माझ्याकडून बरणी घेतली, सगळ्यांत वरची बोली लावून. निरोप आला: पॅकिंग तेच करा, वडलांचं. पार्सल पोचल्यावर त्याने मला फोटो पाठवला. दुकानातला काटा, त्यावर खोका, आणि आकडा सेठच्या आकड्याशी तंतोतंत जुळलेला. सोबत एक शब्द नाही.

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. खोक्याच्या डाव्या कोपऱ्यापाशी त्याचा हात दिसत होता. कोपरा दाबून आकडा भरून काढलाय की हात नुसता जवळ आहे, हे मी बराच वेळ बघत बसले.